बसलेली गाडी उचलण्याआधी विचारायचा प्रश्न

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

वापराने खाली बसलेल्या गाडीची उंची घरी तयार केलेल्या भागांनी वाढवण्याविषयी आपल्या पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लेखकाने असा प्रत्येक प्रयत्न 'जीवघेणा जुगाड' म्हणून निकालात काढला आहे. त्यावर एका वाचकाने, लेथ आणि वेल्डिंग मशीन हाताशी असले की सस्पेन्शनचा कोणताही भाग घरी करता येतो, असे उत्तर दिले. मी स्वतः एका जुन्या गाडीचे मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या जुडीची स्प्रिंग) दोनदा उचलले. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने आणि दुसऱ्यांदा, माझ्या मते, बरोबर. त्या अनुभवावरून मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

मुळात गाडी 'बसते' म्हणजे काय होते, हे लेखात आलेच नाही. स्प्रिंग मऊ पडली असे आपण सहज म्हणतो. परंतु पोलादाचा ताठरपणा वयाने जवळजवळ बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी उंची, म्हणजे अंगावर भार नसतानाची उंची, कारण वर्षानुवर्षांच्या ओझ्याने आणि हादऱ्यांनी पोलाद थोडे थोडे कायमचे दबून राहते. स्प्रिंग जेवढी दबते त्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम बसलेल्या स्प्रिंगलाही तसाच लागू पडतो. फक्त तिची सुरुवात खालून होते. म्हणूनच गाडीचे वजन पूर्वीइतकेच असेल, तर गमावलेल्या उंचीएवढी चकती स्प्रिंगखाली बसवणे हा जुगाड नसून अगदी नेमका उपाय आहे. याउलट मागे कायमचे सामान वाढल्यामुळे गाडी बसली असेल, तर चकतीने रिकामी गाडी वर दिसेल, पण तेवढ्याच ओझ्याखाली ती पूर्वीइतकीच दबेल. तिथे उंची नव्हे, ताठरपणा वाढवावा लागतो. गंजलेल्या कॉइल स्प्रिंगची गोष्ट मात्र वेगळी. तिचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, त्यामुळे गंजाने तार सर्वत्र १० टक्के बारीक झाली, तरी ताठरपणा सुमारे एक तृतीयांशाने घटतो. अशी स्प्रिंग भंगारातच द्यावी.

लेखातील एक विधान तर दुरुस्त करायलाच हवे. नवे शॉक अॅब्सॉर्बर घातले की गाडी वर येते, असे त्यात म्हटले आहे. साधे शॉक अॅब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाहीत. ते फक्त हेलकावे शमवतात. गॅसच्या दाबाच्या शॉक अॅब्सॉर्बरनेही उंचीत फारच थोडा फरक पडतो. बसलेल्या गाडीला नवे शॉक अॅब्सॉर्बर घालून पैसे वाया घालवलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एके काळी मीही होतो.

आता मूळ मुद्दा. एखादा भाग घरी करावा की नाही, हे तो करण्याचे आपले कौशल्य किती यावरून ठरवू नये. तो भाग चालत्या गाडीत तुटला तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारावा. तुटल्यावर गाडी पुन्हा खाली बसणार असेल, तर तो भाग काळजीपूर्वक घरी करायला हरकत नाही. तुटल्यावर चाक किंवा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आस) मोकळा होणार असेल, तर तो तयारच घ्यावा, मग आपला वेल्डर कितीही हुशार असो.

माझी पहिली चूक याच प्रश्नावर उघडी पडली. मी लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, केले होते. पट्टीचे चार तुकडे, गॅसने पाडलेली भोके आणि मिळाले तसे बोल्ट, एवढेच त्याचे साहित्य होते. मूळ शॅकलपेक्षा ५० मिमी जास्त लांबी दिली, तरी गाडी जेमतेम २५ मिमी उचलली गेली, कारण ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असतो आणि पाट्याच्या एकाच टोकाला दिलेल्या उंचीतली निम्मीच त्याच्या वाट्याला येते. शिवाय पाटा एका बाजूने कलल्यामुळे ॲक्सलही किंचित फिरला, इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलला आणि ठराविक वेगाला गाडी गुणगुणू लागली. दोन पट्ट्यांना जोडणारा आडवा आधार नसल्याने वळणावर मागची बाजू डुलत होती, ती वेगळीच. काही महिन्यांनी चिखल धुताना पाहिले, तर भोके लंबगोल झाली होती आणि एका भोकाच्या कडेला बारीक तडा गेला होता. ती पट्टी तुटली असती, तर पाट्याचे एक टोक चासीपासून सुटले असते.

ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा ठेवण्याची पद्धतही याच वर्गात मोडते. लाकडाचा ठोकळा तर मुळीच नको, कारण तो दबतो, चिरतो, आणि पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आपोआप सैल होतात. एकावर एक ठोकळे रचणे किंवा पुढच्या ॲक्सलला ठोकळा घालणे त्याहून वाईट, कारण ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा सगळा पीळ त्या सांध्यावर येतो.

दुसऱ्या वेळी मी जादा पाटा घातला. भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीच्या जुडीतून, रुंदीला जुळणारा आणि कमान जास्त असलेला पाटा निवडला. मेन पाट्याला हात लावला नाही, आणि हाच यातला कळीचा भाग आहे, कारण ॲक्सल जागेवर धरण्याचे काम मेन पाट्याचे डोळे (टोकांची गोल वळलेली भोके) आणि जुडीच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट करतात. जादा पाटा तुटला तर गाडी तेवढी खाली येते. जाडी निवडताना मात्र घाई करू नये. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी-रुंदी तीच ठेवून ७ मिमीऐवजी ८ मिमीचा पाटा घेतला, तर त्या पाट्याचा ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो आणि रिकामी गाडी दगडासारखी आदळू लागते. लांबी कमी करायची तर ग्राइंडरच्या कटिंग डिस्कने, मध्ये मध्ये पाणी मारून, सावकाश करावी. गॅसने कापल्यास किंवा वेल्डिंगचा टाका मारल्यास पोलादाला तापवून-विझवून दिलेले पाणी (कडकपणा) तिथे बिघडते आणि नेमक्या त्या जागी पुढे तडा जातो. पाटा तापवून ठोकून कमान वाढवणे हेही त्याच कारणासाठी नको. मधले भोक पाडताना साधे ड्रिल बोथट होते, कार्बाइडचे लागते. कडा घासून गोल कराव्यात, नाहीतर वरच्या पाट्यावर चर पडतो. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून ते नवे घ्यावेत; बचत करण्याची ती जागा नव्हे.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीला नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची चकती लेथवर सहज काढता येते, परंतु चाक पूर्ण लोंबकळले असताना स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू नये, म्हणून चकतीला कडा हवीच. स्प्रिंग ॲक्सलवर न बसता सस्पेन्शनच्या हाताच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर बसली असेल, तर २० मिमीच्या चकतीने गाडी २० नव्हे, त्याहून बरीच जास्त उचलली जाते. कॉइलच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबण्याचा उपाय मला पटत नाही, कारण त्यामुळे काही वेटोळी निकामी होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर जातो. आणि स्प्रिंग दाबण्याचे काम खेळ समजू नये. प्रति मिमी ३० न्यूटन ताठरपणाची स्प्रिंग १५० मिमी दाबली, की तिच्यात साठलेली ऊर्जा ३४ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी होते. स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर नसेल, तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये, खाली घोडी (भक्कम लोखंडी टेकू) लावावीच.

लेखात मुळीच न आलेली एक गोष्ट ब्रेकविषयी आहे. अनेक मालवाहू आणि काही प्रवासी गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून एक दांडी चासीवरच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलेली असते, आणि मागची बाजू किती दबली यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. मूळ उंचीच्याही वर गाडी उचलली, तर व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. त्या दांडीची जुळवणी करून घ्यावी, ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबकळवून ताणले जात नाहीत ना ते पाहावे, आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा. सांध्यांतल्या रबरी बुशांचे (नळीसारख्या अस्तरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळले, तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

मी मोजमाप चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, सपाट जमिनीवर आणि चारही टायरमध्ये नेमून दिलेली हवा ठेवून घेतले. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, आणि प्रत्येक नटला थोडा थोडा आटा मिळालाच. चालकाच्या बाजूची उंची अजूनही दुसऱ्या बाजूपेक्षा ५ मिमी जास्त आहे; मी बसलो की ती सारखी होते, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक