नदीकाठचं रान राखायला हातभार लावा : ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाशिष्ठीच्या काठचं आपलं सामाईक रान गेली काही वर्षं आपण सगळ्यांनी मिळून तोडीपासून वाचवलं. यंदा दिवाळी झाल्यावर लाकडाचा ठेकेदार पुन्हा वाडीत येऊन गेला. काही हिस्सेदारांना त्यानं उभ्या झाडांचा भाव सांगितला आहे. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला मुलांच्या फिया भरायच्या आहेत, त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. मात्र झाडं उभी राहायला हवीत तर या घरांच्या हाती काहीतरी पडायला हवं. त्यासाठी हा निधी.

हे रान कधीच न तुटलेलं नव्हे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोकांच्या जमिनीतल्या झाडांवर लोकांचाच हक्क मान्य करणारा जाहीरनामा कलेक्टर डनलॉप यांनी 1824 साली काढला. इथलं बहुतेक रान आजही खासगी मालकीचं आहे. मुंबई वाढली तशी इथली जळाऊ लाकडं आणि कोळसा गलबतांतून तिकडं गेला. गेल्या पावसाळ्यात रोपांसाठी खड्डे मारताना वीतभर खाली काळीभोर माती लागली, आणि तिच्यात बोटाएवढे कोळशाचे तुकडे. जुनी भट्टी तिथंच लागत असणार. शेजारी ऐनाचं खोड आहे, पुरुषभर घेराचं, कधीकाळी जमिनीलगत तोडलेलं. त्याच्या कडेनं पाच फुटवे आलेत आणि पाचही आता दुमजली घराच्या वर गेलेत. आपल्या रानाला एवढंच लागतं : कुणी हात लावू नये.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. एवढ्याशा रानानं तसला पूर अडतो असं आम्ही म्हणत नाही. पण जिथं करंज, जांभूळ आणि उंबर मुळं रोवून उभे होते तो आपला काठ जागेवर राहिला, आणि तोड झालेल्या पट्ट्यातली माती पाण्याबरोबर गेली. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

ककणेराचंही, म्हणजे धनेश पक्ष्याचंही, तेच. या पक्ष्याला घरट्यासाठी जाड खोडातली ढोली लागते. उन्हाळ्यात मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला उंबराची, वडाची फळं भरवतो. फुटव्यांच्या बारीक खोडात ढोली कुठून होणार? सध्या तसं झाड एकच आहे, जागेवाल्या देवाच्या ठिकाणचा बेहडा. देवाच्या भीतीनं तो राहिला. बाकीची झाडं तेवढी जाड व्हायला अजून दोन पिढ्या जातील, आणि तोवर मध्ये एकदाही कटर चालता कामा नये.

जमा होणाऱ्या निधीतून झाडं न तोडण्याचं लेखी कबूल करणाऱ्या हिस्सेदारांना दरवर्षी मोबदला दिला जाईल. माघापासून पाऊस पडेपर्यंत वणव्यावर लक्ष ठेवायला वाडीतलाच एक राखणदार पगारावर नेमायचा आहे. पाचशे रुपये द्या, पाच हजार द्या, जमेल ते द्या. प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. खात्याचा तपशीलही तिथंच आहे. मुंबईकरांनी आपल्या मंडळाच्या खजिनदारांकडे रक्कम दिली तरी चालेल.

मुंबई-पुण्यातल्या हिस्सेदारांना मात्र पैशांआधी एक वेगळी विनंती. सातबाऱ्यावर चाळीसच्या वर नावं आहेत आणि त्यातली निम्मी गावाबाहेर. ठेकेदार तुम्हाला फोन करील. सही करण्याआधी एकदा आमच्याशी बोला. शिमग्याला पालखीसाठी याल तेव्हा संमतीपत्रं सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ठेवलेली असतील, येताना आधारकार्डाची प्रत तेवढी आणा.

गावात असणाऱ्यांसाठी : वणवा अडवायला जाळपट्टा काढायचं काम माघातल्या प्रत्येक रविवारी सकाळी सातला साकवापाशी सुरू होईल. कोयती ज्याची त्यानं आणायची. चहा-भाकरी मंडळाकडून.

आपले,
ग्रामस्थ मंडळ व मुंबई मंडळ