दोन प्रोसेसरचे स्कोअर कसे वाचायचे

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्स आणि रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरांचे तू पाठवलेले स्कोअरचे तक्ते पाहिले. एकात पहिला पुढे, दुसऱ्यात दुसरा. मग खरं कोणाचं मानायचं, असं तुझं विचारणं आहे. दोन्ही तक्ते खरे असू शकतात. बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, एक ठरावीक काम करून घेतो आणि त्याचा आकडा त्या कामापुरताच बोलतो. हे समजून घ्यायला ही जोडी फार चांगली आहे, कारण दोन्हींत झेन ४ रचनेचेच ८ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १६ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. फरक मुख्यतः क्लॉकचा, म्हणजे कोअरच्या ठोक्यांच्या वेगाचा, आणि कॅशचा, म्हणजे चिपवरच्या छोट्या पण जलद मेमरीचा; एल३ हा तिचा सर्वांत मोठा टप्पा. ७७००एक्सचा क्लॉक ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एल३ कॅश ३२ एमबी. ७८००एक्स३डी ५.० वर थांबतो, पण त्याच्या चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवलेला असल्याने एल३ तब्बल ९६ एमबी.

सिनेबेंच आर२३ हा बेंचमार्क थ्रीडी दृश्याचं चित्र तुकड्यातुकड्यांनी तयार (रेंडर) करतो. त्या कामाचा डेटा लहान कॅशमध्येही बऱ्यापैकी मावतो, म्हणून जादा कॅश तिथे बसून राहते आणि क्लॉक जिंकतो. गेममध्ये प्रोसेसर शेकडो वस्तूंची माहिती मेमरीतून इकडून तिकडून उचलत असतो. ती एल३ मध्ये मिळाली तर साधारण १० नॅनोसेकंद. रॅमपर्यंत जावं लागलं तर ७०-८०. तेवढा वेळ कोअर बव्हंशी वाटच पाहतो, मग त्याचा क्लॉक ५.४ असो की ५.०. म्हणून गेममध्ये ७८००एक्स३डी पुढे जातो. मात्र ४के रिझोल्यूशनवर तपासलंस तर दोघे जवळपास सारखेच दिसतील, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड अडतं. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर तू प्रोसेसर मोजतच नाहीस. रिझोल्यूशन १०८०पी कर आणि सरासरी फ्रेमसोबत सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही लिही. खेळताना अडखळणं जाणवतं ते त्यातच दिसतं.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नकोस. ७७००एक्सवर टीडीपी (कंपनीने ठरवलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॉट लिहिलेला असतो, प्रत्यक्षात त्याला १४२ वॉटपर्यंत मुभा असते. ७८००एक्स३डीवर १२० लिहिलेलं असतं, पण कॅशच्या थरामुळे व्होल्टेज आवरतं ठेवावं लागतं आणि सगळे कोअर राबत असतानाही तो ७७००एक्सपेक्षा बरीच कमी वीज घेतो. इंटेलच्या कोअर आय५-१३६००के वर १२५ आणि १८१ असे दोन आकडे असतात, मूळ वेगाचा आणि टर्बोचा, म्हणजे वाढीव वेगाचा. शिवाय काही मदरबोर्ड ही मर्यादा आपणहून सैल करतात, त्यामुळे एकाच प्रोसेसरचे दोन बोर्डांवर दोन स्कोअर येतात. एचडब्ल्यूइन्फो हा मोजमापं दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून चाचणीच्या वेळचे वॉट, तापमान आणि प्रत्यक्ष क्लॉक स्कोअरच्या शेजारीच टिपून ठेव. ७७००एक्स ९५ अंशांवर गेला म्हणून घाबरू नकोस, तो तिथपर्यंत चालण्यासाठीच बनवला आहे. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे. सुरुवातीला कूलर गार असतो आणि आकडा फुगतो, म्हणून सिनेबेंच आर२३ मधली १० मिनिटांची चाचणी कमी करू नकोस.

सगळ्यात जास्त घोळ रॅममुळे होतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली नाही तर ६००० ची डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० वरच चालते. एकच कांडी बसवली असेल तर बँडविड्थ, म्हणजे एका वेळी वाहू शकणारा डेटा, निम्मी. बायोस अपडेट केल्यावर एक्स्पोची सेटिंग बहुधा पुसली जाते, तेव्हा ती पुन्हा तपास. कॅश कमी असलेल्या ७७००एक्सला मंद रॅम जास्त बोचते, त्यामुळे अशा चाचणीत दोघांतला फरक उगाच मोठा दिसतो. तुझ्या दुसऱ्या तक्त्यात रॅमचा वेगच दिलेला नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

आवृत्त्यांची सरमिसळ अजिबात नको. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत, दोन्हींचं रेंडर इंजिनच वेगळं आहे. गीकबेंच या दुसऱ्या बेंचमार्कचंही तसंच: गीकबेंच ५ मध्ये प्रत्येक कोअर आपापलं वेगळं काम करायचा. गीकबेंच ६ मध्ये सगळे मिळून एकच काम करतात, म्हणून जास्त कोअर असले तरी मल्टीकोअर स्कोअर त्या प्रमाणात चढत नाही.

टक्केवारीत एक खाच आहे. एक काम १०० सेकंदांवरून ८० वर आलं तर वेळ २० टक्के वाचला, पण वेग २५ टक्के वाढला. तक्ता कशाबद्दल बोलतोय ते आधी बघ.

तुझं मुख्य काम कोड बिल्ड करण्याचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं आहे, गेम नंतर. तेव्हा दोन्ही यंत्रं हाताशी मिळाली तर तोच प्रोजेक्ट, तोच कंपायलर, एका वेळी १६ जॉब आणि पॉवर प्लॅनही तोच ठेव. अपडेट आणि अँटिव्हायरसचं स्कॅन थांबव. प्रत्येक वेळी आधीचं बिल्ड पुसून (क्लीन करून) टाक, नाहीतर दुसऱ्यांदा बदललेल्याच फाइली कंपाइल होतील. पहिली वेळ सोडून दे, तेव्हा फाइली डिस्कवरून येतात. पुढच्या ५ वेळांतला मधला आकडा घे. फरक १-२ टक्क्यांच्या आत असेल तर दोन्ही सारखेच समज आणि कमी वीज खाणारा घे. सेकंद, वॉट आणि रॅमचा वेग तिन्ही लिहून पाठव, म्हणजे कुठला घ्यायचा ते बसून ठरवू.

तुझी,
आई