यंदा नवा खड्डा नको

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा डोंगरावर आणखी 200 खड्डे घ्यायचे म्हणताय. माझं ऐका, यंदा एकही नको. आपल्या सातारच्या माण तालुक्यात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार-दोन झोडपणाऱ्या सरींत. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 च्या वर पडतो. तिथली लागवड आणि आपली एका मापानं मोजता येत नाही. इथं रोपानं तिसरा उन्हाळा काढला तरच त्याला झाड म्हणायचं, आणि तुमच्या रोपांचा तो उन्हाळा आता पुढ्यात आहे.

तुम्ही खडकीला लष्कराच्या बॉम्बे सॅपर्समध्ये घडलात, 1971 च्या युद्धात सुरुंग काढलेत. सुरुंग शोधणारा पालथा पडून, जमीन तिरकी टोचत वीतवीत पुढं सरकतो. मधली एक वीत सुटली तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. रोपांची गिनतीही तशीच घ्या. पाणी अडवायला खणलेल्या प्रत्येक चराला नंबर द्या, वहीत रोपं ओळीनं मांडा आणि मार्च, मे, ऑक्टोबरमध्ये हजेरी घ्या. मेलेल्या रोपापुढं कारण लिहा: वाळवी, शेळी, पाणी, वणवा. नुसती फुली मारली तर पुढच्या वर्षी त्याच जागी नवं रोप त्याच कारणानं जातं.

वरच्या टप्प्यातला चर दरवर्षी पूर्वेच्या टोकाला फुटतो. तिथं दगड रचून भागणार नाही, चूक पातळीत आहे. ए-फ्रेम, म्हणजे पातळी मापायची ती ‘A’ आकाराची काठ्यांची चौकट, पुन्हा तपासा. तिचे दोन्ही पाय टेकतात तिथं खुंट्या ठोका, ओळंबा स्थिर झाला की आडव्या काठीवर खूण करा. मग फ्रेम उलटी फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर येईल, आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरी पातळी. सुतळीचा बांध ढिला झाला की हा मध्य सरकतो, म्हणून रोज सकाळी एकदा पाहायचंच. वारा असेल तर ओळंबा झुलत राहतो. त्या दिवशी पातळी बघायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घ्या, फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका.

चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 खोल असला की मीटरमागं 180 लिटर पाणी मावतं. 20 मीटरचा सलग चर एका बाजूला झुकला तर 3600 लिटर पाणी एकाच टोकावर लोटतं आणि खाली घळ पाडतं. म्हणून दर 10 मीटरवर हातभर जागा न खणता सोडा. एक तुकडा फुटला तरी बाकीचे राहतात. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाका, पण काठापासून वीतभर लांब. काठाला टेकवली की पहिल्याच पावसात परत आत येते.

आई, तुझ्या रोपांच्या पिशव्या दर तीन आठवड्यांनी उचलून दुसरीकडं मांड. नाहीतर मुळं पिशवीतून जमिनीत घुसतात आणि उचलताना तुटतात. लिंबोळ्या गोळा केल्या की पंधरवड्यात पेर, जुन्या झाल्या की उगवत नाहीत. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातलं घे. शेळीच्या पोटातून आलेल्या बियांचं कवच मऊ झालेलं असतं. रोपांना वातीतून पाणी देणाऱ्या तुझ्या त्या मडक्यांचंही बघ. बुडाच्या भोकातली सुती वात बोअरच्या क्षारानं बुजते, मग मडकं भरलेलं आणि रोप सुकलेलं. आठवडाभरात पाणी जराही उतरलं नाही तर वात बदल. तोंडावर सपाट दगड ठेव.

वणव्याची मला जास्त काळजी आहे. कुसळी गवत वाळलं की ठिणगी पुरते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, जानेवारीच्या आत काढून व्हायला हवी. जाळायचं असेल तर वनविभागाची माणसं हजर असतानाच, सकाळी वारा पडलेला असताना. गवत कापून तिथंच टाकलं तर ती जाळरेषा नाही, ते सरपण झालं. आणि बाबा, आग चढाला पळते. तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूनं, कडेकडेनं ओल्या फांदीनं दाबत या. अंगात सुतीच कपडे हवेत, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

दगड उचलताना पहारीनं उचका, हात घालू नका. मुरमाड डोंगरात दगडाखाली फुरसं, तो विषारी साप, असतो. चावलंच तर घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चालायचं नाही. गाडीत बसवून सरळ ग्रामीण रुग्णालय. प्रतिविष तिथंच मिळतं. पोरांनाही हे सांगून ठेवा.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला सगळे मिळून एकदा जाऊन या. धों. म. मोहित्यांनी लोकांना घेऊन तिथलं उघडं रान राखलं, 1985 साली ते अभयारण्य झालं. तिथं लावण्यापेक्षा राखण्याचं काम किती मोठं आहे ते बघा.

पहार पोरांच्या हातात द्या. ए-फ्रेम आणि वही मात्र तुमच्याकडंच ठेवा, ती नजर त्यांना अजून आलेली नाही. मार्चची हजेरी झाली की वहीच्या पानांचे फोटो पाठवा. वाळवीच्या ओळी दिसल्या तर किती निंबोळी पेंड लागेल ते मी हिशोब करून कळवते.

तुमची लेक