हेलो माझ्या टीव्हीवर

नारायण पेठ, पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सम्या,
सप्रेम नमस्कार.

परवा बातमी वाचली आणि थेट तुमच्या वाड्यातली माडीवरची खोली आठवली. आपल्या लाडक्या हेलो या व्हिडिओ गेमचा पहिला भाग नव्यानं करताहेत, ‘हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड’ या नावानं, आणि २०२६ मध्ये तो सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही येणार आहे. प्लेस्टेशनवर हेलो! २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स कन्सोल ज्याच्या जोरावर खपला, तोच.

तुझ्याकडे एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टी, माझ्याकडे प्लेस्टेशन थ्री. दोन्ही घेणं ना तुमच्याकडे जमण्यासारखं होतं, ना आमच्याकडे. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून कन्सोल आणला त्या दिवशीच ठरलं, मला गॉड ऑफ वॉर मिळणार, हेलो नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी तुझ्याकडे. टीव्हीचे आडवे दोन भाग, वर तू, खाली मी, आणि काकू मध्येच पोह्यांच्या बशा ठेवून जायच्या. २०१२ च्या मे महिन्यात काकांची नागपूरला बदली झाली, तेव्हा आपण शेवटच्या मिशनवर अडकलो होतो. जहाज फुटायच्या आत वॉर्टहॉग जीप बाहेर काढायची, वेळ संपत आलेली, मी मागे बंदुकीवर, आणि तू त्याच एका वळणावर गाडी उलटवायचास. तू ते पुढे एकट्यानं संपवलंस. माझं राहिलंय. व्हिडिओतसुद्धा मी ते कधी पाहिलं नाही.

म्हणून या एक्स्क्लुझिव्ह प्रकाराचा मला मनापासून राग येतो. कंपन्यांचं गणित कळतं रे. कन्सोलवर फारसं कमवायचं नाही, कमाई गेममधून काढायची, आणि अमुक गेम आमच्याकडेच म्हणून गिऱ्हाईक बांधून ठेवायचं. पण आता एकेका मोठ्या गेमला कित्येक वर्षं आणि अफाट पैसा लागतो. एकाच कन्सोलच्या गिऱ्हाइकांवर तो वसूल होणं कठीण. म्हणून मायक्रोसॉफ्टनं गेल्या वर्षी आपले चार गेम दुसऱ्यांच्या कन्सोलवर देऊन सुरुवात केली, सी ऑफ थीव्ह्ज त्यातलाच. यंदा एप्रिलमध्ये फोर्झा होरायझन ५ माझ्याकडे प्लेस्टेशनवर आला. २६ ऑगस्टला तर गिअर्स ऑफ वॉर इकडे आला आणि त्याच दिवशी सोनीचा हेलडायव्हर्स २ तुमच्या एक्सबॉक्सवर गेला. निंटेंडो मात्र मारिओला अजूनही दुसऱ्याच्या कन्सोलवर पाठवत नाही.

मागे तू फोनवर म्हणालास, सगळेच गेम प्लेस्टेशनवर गेले तर एक्सबॉक्स कोण घेणार? ही भीती खोटी नाही. सेगानं २००१ मध्ये आपला ड्रीमकास्ट कन्सोल बंद केला आणि त्याच वर्षी त्यांचा सॉनिक निंटेंडोच्या मशीनवर दिसला. मला त्याहून जास्त लागलं ते मायक्रोसॉफ्टच्याच टँगो या गेम स्टुडिओचं. त्यांचा हाय-फाय रश मार्च २०२४ मध्ये प्लेस्टेशनवर आला, मी पहिल्याच आठवड्यात घेतला, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं तो स्टुडिओच बंद करायचं जाहीर केलं. गेम सगळीकडे पोचला, पण करणाऱ्यांच्या नोकऱ्यांचं काय? पुढे क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीनं टँगोला घेतलं. याच क्राफ्टननं यंदा आपल्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये, म्हणजे रिअल क्रिकेट हा गेम करणाऱ्यांमध्ये, मोठा हिस्सा घेतलाय. त्यांना तरी नीट सांभाळोत.

एवढं सगळं मान्य करूनही मी आनंदात आहे. ज्या घरात कसाबसा एकच कन्सोल येतो, तिथल्या पोराला गेमसाठी दुसऱ्याच्या घरी जावं लागू नये. मला तुझं घर मिळालं. सगळ्यांना नाही मिळत.

नव्या हेलोत एक्सबॉक्सवाले आणि प्लेस्टेशनवाले ऑनलाइन एकत्र खेळू शकतील म्हणे. तू नागपूरहून, मी इथून. पण एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयही ठेवलीय, आणि मला ती हवी आहे. गेम येईल त्या आठवड्यात रजा टाक. आई आत्तापासूनच विचारतेय, सम्याला अजून पोह्यांवर शेव जास्त लागते का.

काकाकाकूंना नमस्कार सांग. गाडी तूच चालवायचीस.

तुझा,
मंदार