दाखवणाऱ्याने घाई न केलेले तास

म्हार्दोळ, फोंडा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. चित्रपट-संकलनाच्या (एडिटिंगच्या) अभ्यासासाठी घरच्या माणसांकडून ‘टीव्हीवर पाहिलेले आणि आजही आठवणारे तास’ लिहवून घ्यायचे आहेत, असे तू कळवले आहेस. रामायण आणि महाभारत तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील लिहितील, तेव्हा त्यांचे मी नुसते नाव घेतो. रविवारी साडेनऊच्या आत तुझी आजी पूजा आटोपून टीव्हीसमोर बसायची हे खरे, पण मी तिथे बसायचो तो बहुतेक तिला सोबत म्हणून. मला आठवतात ते तास निराळे आहेत, आणि ते का आठवतात हे लिहायला बसल्यावर ध्यानात आले की त्या प्रत्येकात दाखवणाऱ्याने घाई केलेली नव्हती.

पहिला तास मालिकेचा नाहीच, फुटबॉलचा आहे. 1986 च्या जूनमध्ये मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनने दाखवला. तिथल्या दुपारी बाराचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होत. आपल्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. शेजारच्या तारवटीने, म्हणजे खलाशाने, बोटीवरून येताना आणलेला रंगीत संच त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, मांडला जाई आणि अर्धा वाडा तिथल्या सोप्यांवर (बाकांवर) बसे. पोर्तुगाल पहिल्याच फेरीत, इंग्लंडला हरवूनही, पोलंड आणि मोरोक्कोकडून मार खाऊन परतला होता, त्यामुळे म्हातारी मंडळी मुकाट्याने ब्राझीलच्या मागे उभी राहिली. शनिवारी, 21 तारखेला, ब्राझीलही फ्रान्सकडून पेनल्टींवर हरला. झिकोने भर सामन्यात पेनल्टी दवडली तेव्हा शेजारचे आजोबा उठून आत गेले ते त्या रात्री परत बाहेर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्जेंटिना आणि इंग्लंड. सांजांवचा सण दोन दिवसांवर आला होता, पाऊस पागोळ्यांवरून सतत कोसळत होता, आणि अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत, म्हणून एक मुलगा छत्री घेऊन अंगणात बांबू धरून उभा होता. मॅराडोनाचा पहिला गोल हाताने झाला हे आम्हा कुणालाच नीट दिसले नव्हते. इंग्लंडचे खेळाडू पंचांमागे का धावत आहेत यावर वाद चालू असतानाच, चार मिनिटांत, दुसरा गोल झाला. तू संकलन शिकते आहेस म्हणून मुद्दाम सांगतो, तो गोल पुन्हा काढून पाहा. मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात चेंडू घेतल्यापासून तो जाळ्यात जाईपर्यंत दहा-अकरा सेकंद जातात, आणि थेट प्रक्षेपणात ते सगळे उंचावरच्या एकाच कॅमेऱ्याने, मध्ये एकदाही न तोडता दाखवले आहे. चेहरा जवळून दिसत नाही, पाय जवळून दिसत नाहीत. दिसते ते मैदान, आणि त्यावर एकामागून एक मागे पडत जाणारी पांढऱ्या सदऱ्यांतली माणसे. आज तोच गोल कुणी दाखवला तर मध्ये तीन वेळा प्रेक्षकांचे चेहरे येतील आणि चेंडू कुठून कुठे गेला हेच कळणार नाही, असे माझे मत आहे. तुझे शिक्षक कदाचित याच्या उलट सांगतील.

दुसरा तास म्हणजे ‘तमस’चा पहिला भाग. 1988 च्या जानेवारीत गोविंद निहलानींची ही मालिका रात्री लागू लागली, तोवर आपल्या घरी टीव्ही आला होता. भीष्म साहनींची कादंबरी फाळणीच्या काळातली, रावळपिंडीकडची. आणि सुरुवात होते ती नथू नावाच्या एका गरीब कातडीकाम करणाऱ्या माणसापासून. ठेकेदाराने त्याला पाच रुपये देऊन एक डुक्कर मारायला सांगितलेले असते. कोंदट खोली, मिणमिणता उजेड, ओम पुरी आणि ते जनावर, एवढेच तिथे आहे. डुक्कर मरत नाही. माणूस दमतो, घामाघूम होतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. आणि कॅमेरा त्या खोलीतून बाहेर पडायलाच तयार नाही. आजी मध्येच म्हणाली, “पुरे करा हे, बंद करा,” पण बंद करायला उठली मात्र नाही. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते तेव्हा रात्रभर आपण काय पाहत होतो ते उमगते, आणि ते उमगणे नथूच्याही वाट्याला येते म्हणूनच त्या लांबलेल्या प्रसंगातले एकही मिनिट जास्तीचे वाटत नाही. पुढच्या भागांत हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारे शीख जोडपे घर सोडून निघते. हरनामसिंगाचे काम खुद्द साहनींनी केले आहे, बंतो दीना पाठक आहेत, आणि त्यांना दारात उभे पाहून घरात घ्यावे की नाही या पेचात पडलेली मुसलमान घरातली बाई सुरेखा सिक्रींनी उभी केली आहे. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो अगदी योग्य होता.

या मालिकेवर बंदी आणावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली गेली होती. आपल्या गोव्याचे उच्च न्यायालयही तेच, आणि मी त्या वर्षी कायद्याचा अभ्यास करत होतो, त्यामुळे वर्तमानपत्रातली त्या प्रकरणाची प्रत्येक ओळ वाचत असे. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मग प्रक्षेपणाला आलेली स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. निकाल देण्याआधी दोन न्यायमूर्ती टीव्हीवरची मालिका शांतपणे पाहत बसतात, या गोष्टीचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले होते, आणि आजही वाटते.

त्याच वर्षाच्या शेवटी ‘भारत एक खोज’ सुरू झाली. श्याम बेनेगलांचे ते 53 भाग सगळेच सारखे उतरलेले नाहीत. काही तर शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे वाटतात. पण नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज आणि समोर ओम पुरींचा औरंगजेब हे भाग चुकवू नकोस. ‘तमस’मध्ये ज्याला नथू म्हणून पाहिले तोच माणूस बादशहा होऊन समोर बसला होता, आणि ओसरीवर बसलेल्या कुणालाही ते खटकले नाही.

शारजाचा सामना तुला ठाऊक आहे, 22 एप्रिल 1998. सचिनने 143 धावा केल्या, आपण तो सामना हरलो आणि तरीही अंतिम फेरीत गेलो. मला मात्र त्यातले आठवते ते वाळूचे वादळ. खेळ थांबला, पिवळट धूळ पडद्यावर भरून राहिली आणि थांबलेला खेळ आम्ही एकटक पाहत बसलो.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवले. तिच्या मते या यादीत एकही हसण्याजोगा तास नाही आणि तुझे शिक्षक मला रडका समजतील. तिची निवड ‘ये जो है जिंदगी’ ही आहे, कारण त्यात सतीश शाह दर भागात नवाच कुणीतरी होऊन येत, आणि यावेळी तो कोण असेल यावर ती आणि तुझी मावशी आधीच पैजा लावत. त्याविषयी ती तुला वेगळे लिहिणार आहे, आणि ते माझ्यापेक्षा लांब असेल असे तिने आत्ताच बजावले आहे.

तुझा,
बाबा