पंचेचाळिशीत तिला कोणी बोलावलं नाही

सर्व देशांच्या आरोग्यमंत्र्यांना,

सादर नमस्कार.

१७ नोव्हेंबर २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाचा कर्करोग जगातून हटवण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्या १९४ देशांनी ते मान्य केलं होतं. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, आजार सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार.

माझी बहीण तेव्हा ४२ वर्षांची होती. गेल्या महिन्यात ती गेली.

दोन पाळ्यांच्या मधेच तिच्या अंगावरून लाल जायचं. दवाखान्यात सांगितलं, वयाचं आहे, पाळी जायच्या आधी असं होतंच. दोनदा हेच ऐकून ती परत आली. आतून कोणी तपासलं नाही. कळलं तेव्हा गाठ मूत्राशयापर्यंत गेली होती. शेवटी वासाची तिला इतकी लाज वाटायची की स्वतःच्या मुलीला ती दारातूनच परत पाठवायची.

तिच्या दोन्ही बाळंतपणांत दर महिन्याला बोलावणं यायचं. वजन, रक्तदाब, सोनोग्राफी. मूल हातात आलं आणि तिची फाइल बंद झाली. गर्भाशयात मूल असेल तोवरच तुम्हाला बाईची काळजी. हा राग फक्त या एका आजारापुरता नाही.

हा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि संसर्गापासून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा अवधी हातात असतो. या विषाणूच्या चाचणीचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते, टेबलावर झोपायचीही गरज नाही. लस २००६ पासून आहे. मुलींना एक डोसही पुरतो, हे २०२२ मध्ये तुमच्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं. तरी जगातल्या तीनपैकी दोन मुलींना तो एकही मिळत नाही. त्याच २०२२ मध्ये साडेतीन लाख बायका गेल्या. दर दीड मिनिटाला एक. शंभरातल्या ९४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. तिथल्या बायकांना थांबायला सांगितलं की त्या थांबतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

माझी मागणी एकच आहे. बाईने दुखणं घेऊन यायची वाट पाहू नका. ३५ ला आणि ४५ ला तिला नावाने बोलवा, बाळंतपणात बोलावता तसंच.

माझी भाची आता १३ वर्षांची आहे. तुमच्याच धोरणाप्रमाणे तिच्या लसीला दोन वर्षं उरली आहेत. तारीख सांगा.

एक बहीण