‘विक्का’ म्हणजे चेटूक नव्हे

महोदय,

‘विक्का’ या पंथाच्या नावाचे मराठीत सर्रास ‘चेटूक’ असे भाषांतर केले जाते आणि त्याचे चिन्ह असलेली वर्तुळातली पाच टोकांची चांदणी दिसली की सैतानपूजेचा संशय घेतला जातो, हे मला मनापासून खटकते. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर इंग्रज लेखक जेराल्ड गार्डनर यांनी उजेडात आणलेला हा निसर्गपूजक पंथ सैतानाला मानतच नाही. बहुतेक अनुयायी चंद्राशी निगडित देवी आणि शिंगे असलेला देव यांची उपासना करतात व ऋतुचक्राचे आठ सण पाळतात. चांदणीची चार टोके पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू यांची, तर वरचे टोक आत्मतत्त्वाचे मानतात. काळ्या मुठीच्या ज्या सुरीची अनेकांना धास्ती वाटते, तिने बळी दिला जात नाही, तर पूजेपूर्वी भोवतीचे वर्तुळ आखले जाते. म्हणून वृत्तपत्रांनी ‘विक्का’ हाच शब्द वापरावा, ही विनंती. अमेरिकी सरकारने या पंथाच्या सैनिकांच्या थडग्यांवर चांदणीचे हे चिन्ह कोरण्यास २००७ मध्ये मान्यता दिली, तीही न्यायालयीन लढ्यानंतर. अफगाणिस्तानात पती गमावलेली एक स्त्री त्या लढ्यात होती.

– एक वाचक, सातारा